ओठांमधली फट

१

मंगळवार आणि शुक्रवार हे समिधाचे खरे दिवस. बाकीचे दिवस नुसते त्यांच्या मधे पसरलेले असत.

शाळा सुटली की ती इंद्रलोक भागातल्या घरी दप्तर टाकायची, पोळीभाजी उभ्या उभ्या संपवायची आणि अर्धं पळत, अर्धं चालत टेरेझा टीचरचा स्टुडिओ गाठायची. स्टुडिओ म्हणजे भाईंदर पूर्वेला कारखान्यांच्या वसाहतीतला पहिल्या मजल्यावरचा एक गाळा. खाली स्टीलची भांडी बनायची. पत्र्याच्या चकत्या ठोकून ताटं करणाऱ्या यंत्राचा धप्प... धप्प आवाज जमिनीतून तळपायांत यायचा. शुक्रवारी मात्र खालचं काम बंद असे. मग गाळ्यात इतकं शांत वाटायचं, की ओल्या मातीवरून बोट फिरल्याचंही ऐकू यायचं.

नववीतली समिधा कमी बोलायची असं म्हणणं बरोबर नाही. ती जवळजवळ बोलायचीच नाही. गोल्डन नेस्ट चौकात जायचं असताना रिक्षावाल्यानं "स्टेशन?" विचारलं, तरी ती मान डोलवायची आणि स्टेशनहून चालत परत यायची. पण मातीत हात गेले की तिला वाटायचं, आपल्या बोटांना खूप काही सांगायचंय आणि माती ऐकतेय.

म्हणूनच बाबांचं बोलणं तिच्या घशात काट्यासारखं अडकलं होतं. "जूनपासून दहावीचा क्लास. मग ही मातीबिती बंद. तोवर काय ते खेळून घे." तिनं मान डोलवली होती. बाबा वाईट नव्हते. तिनं एकदा स्वतःच्या तोंडानं "मला हे सोडायचं नाही" म्हटलं असतं, तर त्यांनी ऐकलं असतं. तेवढं एक वाक्य तिच्याकडून होत नव्हतं.

२

टीचर समुद्राकाठच्या उत्तन गावच्या. मोठ्या हाडापेराच्या, मोठ्यानं हसणाऱ्या. त्यांची शिकवायची एक रीत होती. मूर्ती पोकळ हवी, भरीव माती भट्टीत टिकत नाही. म्हणून चेहरा घडवून झाला की तारेनं डोकं मधोमध कापायचं, आतली माती चमच्यानं कोरून काढायची आणि दोन वाट्या पुन्हा जोडायच्या. पण जोडण्याआधी, त्या पोकळीत तोंड घालून, जे कुणाला सांगता येत नाही ते सांगायचं. तेवढा वेळ बाकीच्यांनी पाठ फिरवायची.

"आतमधी बोला, मग बंद करा," टीचर म्हणायच्या. "आणि मानेखाली छिद्र ठेवायला इसरू नका. हवेला वाट नसली तर भट्टीत फुटतंय. तुमचं फुटतंय, बाजूवाल्याचं पण फोडतंय."

या वेळचा विषय होता, मनातलं. साईराजनं दात विचकणारं कुत्रं केलं होतं. शॅनननं आजोबांचा हात केला होता. नखं, गाठी, जाळं ओढून पडलेले वळ, सगळं होतं त्यात. आजोबा गेल्या पावसाळ्यात गेले होते, आणि दुसरा हात करायला त्यांचा हात आता कुठे बघायला मिळणार होता?

समिधानं एका मुलीचं डोकं केलं होतं, नारळाएवढं. डोळे खाली, तोंड मिटलेलं.

सगळ्यांनी पाठी फिरवल्या. तिनं अर्धी कवटी तोंडाजवळ धरली. आत मातीचा गार वास होता, पहाटेच्या बाथरूमसारखा. "बाबा, मला हे सोडायचं नाही," ती म्हणाली. मग तिला थांबताच येईना. तिनं सगळं सांगितलं. बिल्डिंगमधल्या मनालीनं नेलेली रंगांची पेटी, वर्गात चुकीच्या नावानं मारलेली हाक, ते रिक्षावाले. इतकं बोलून तिला धाप लागली. मग दह्याएवढी पातळ माती लावून तिनं दोन वाट्या जोडल्या, सांधा चोळून नाहीसा केला आणि मानेखाली पेन्सिलीनं छिद्र पाडलं.

त्या छिद्राकडे बघताना तिचे कान तापले. यातून कुणी कान लावून ऐकलं तर?

तिनं चिमूटभर माती घेतली आणि छिद्र बुजवून टाकलं. भट्टीच्या आधी परत उघडू, तिनं ठरवलं.

३

पुढच्या शुक्रवारी फळीवरचं डोकं तिनं उचललं, तेव्हा ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं होतं. आत ओलं फडकं, म्हणजे पिशवीला थोडा दमटपणा असणारच. पण दमट सगळीकडे नव्हतं. ओठांच्या समोर फक्त एक गोल धुकट ठसा होता, बसच्या काचेवर तोंड जवळ नेऊन 'हाऽ' केल्यावर उमटतो तसा.

समिधाच्या पोटात काहीतरी टुणकन उडालं. भीतीनं नाही. वाढदिवसाचं खोकं हलवून बघताना उडतं, तसं.

पिशवी काढली. मिटलेल्या ओठांमध्ये केसाएवढी फट पडली होती.

माती वाळली की आक्रसते, तिनं स्वतःला समजावलं. पण वाळली असती तर तडा सांध्यावर जायला हवा होता. सांधा गुळगुळीत होता. तिनं पातळ माती घेऊन फट भरली आणि बोटानं सारखी केली.

त्या संध्याकाळी जेवताना बाबांनी घास हातात धरून तिच्याकडे बघितलं. त्यांचे डोळे चक्क ओले होते.

"अगं, एवढं होतं मनात तर आधी सांगायचं ना! मी ऑफिसातून निघतच होतो. फोन ठेवल्यावर पाच मिनिटं तसाच बसून राहिलो."

समिधानं हातातली पोळी ताटात ठेवली.

"चालू ठेव तुझा स्टुडिओ," बाबा म्हणाले. "दहावीत पण. फक्त गणिताचं बघ जरा."

"मी तर थक्कच झाले," आई म्हणाली. "ही पोरगी? फोनवर? आणि माझ्याशी बोलायला हिचे दात दुखतात!"

समिधा ताटावरून उठली, बाथरूममध्ये गेली, नळ सोडला आणि टॉवेल तोंडावर दाबून हसली. मग हसू ओसरल्यावर तिला आठवलं, आपला फोन आज दिवसभर घरीच होता. चार्जिंगला.

"कुठल्या नंबरवरून केला होता मी?" तिनं हळूच आईला विचारलं.

"टीचरच्या त्या स्टुडिओतल्या. का गं?"

४

तो एक जुना फोन होता. टीचर त्यावर गाणी लावायच्या आणि जाताना तिथेच फळीवर ठेवून कुलूप लावायच्या. मागे कधीतरी रिक्षा मिळत नव्हती म्हणून समिधानं त्यावरून घरी फोन केला होता, तेवढाच.

समिधाचं डोकं सरळ चालणारं होतं. माती फोन करत नाही. मग उरली शॅनन. शॅनन टीचरची नक्कल करायची, वॉचमनची करायची, खालच्या शेठची गुजराती सुद्धा करायची. तिनंच गंमत केली असणार.

मंगळवारी जिन्यात समिधानं तिला गाठलं. "तू माझ्या आवाजात बाबांना फोन केलास?"

शॅनन हसून भिंतीला टेकली. "तुझ्या आवाजात? गो बाय, तुझा आवाज मी कधी नीट ऐकलाय का, नक्कल करायला? आज पहिल्यांदा तू माझ्याशी पूर्ण वाक्य बोलतेस. थांब, केक आणते."

"खरं सांग ना."

"आईची शप्पथ, न्हाय केला." मग शॅननचं हसू थोडं उतरलं. "काय झालं?"

समिधानं मान हलवली. काही नाही.

गाळ्यात खालचा धप्प... धप्प चालू होता. फोन फळीवर तिच्या मूर्तीच्या शेजारीच होता. तिनं तो उजेडात तिरका धरला. काचेवर तांबड्या मातीचा वाळलेला डाग होता. बोटाचा असता तर रेषा दिसल्या असत्या. हा वरून थोडा खाचलेला, खालून भरलेला, मधोमध एक बारीक कोरी रेघ असलेला.

समिधानं इकडेतिकडे बघितलं आणि फ्रॉकच्या कडेनं तो डाग पुसून टाकला. जगात कुणाकडे नसलेली गोष्ट आपल्याकडे आहे. टीचरला सांगावं? छे. सांगितलं तर ती आपली एकटीची कशी राहील?

ओठांमधली फट परत उघडली होती. आता तीत नख गेलं असतं.

तिनं ती भरली नाही. फळीवरची धूळ पुसतेय असं दाखवत, तिनं फटीजवळ तोंड नेलं आणि कुजबुजली, "मनालीला सांग ना. माझी पेटी."

५

मनाली खालच्या मजल्यावर राहायची. तिनं रंगांची पेटी नेल्याला वर्ष होऊन गेलं होतं. दुसऱ्याच दिवशी ती दारात उभी, पेटी छातीशी धरून.

"घे तुझी पेटी. एवढं काय रागवायचं गं? देणारच होते." ती आत आली नाही. "आणि तू कुठून बोलत होतीस? मागे सारखं काहीतरी धप्प धप्प चाललं होतं."

समिधा पेटी घेऊन खोलीभर खरोखर नाचली. पेटीत जांभळा नव्हता, पण असू दे. आता काहीही मागता येणार होतं! ती रोज काय काय सांगायचं ते ठरवत बसायची. शाळेच्या बाईंना सांग, मला चित्रकलेच्या स्पर्धेला पाठवा. बाईंनी नाव घातलं. आत्याला सांग, माझ्या गालाला चिमटे काढू नको. आत्यानं पुढच्या वेळी लांबूनच "कशी आहेस?" विचारलं आणि हात मागे बांधून उभी राहिली.

या सगळ्या आनंदात एक बारीकशी गोष्ट होती. हजेरीला समिधा "हजर" म्हणायची ते आता बाईंपर्यंत पोचेना. तिला वाटायचं, आपण बोललो. ओठ हलले, श्वास गेला. पण बाई वर बघायच्या, चष्म्यातून तिला शोधायच्या आणि म्हणायच्या, "आहे का समिधा? मग बोलत का नाही?"

"घसा बसला तुझा," आई म्हणाली. "मिठाच्या गुळण्या कर." गुळण्यांनी काही झालं नाही. तोंडाला मात्र सारखी चव यायची, गार, मातकट.

सर्दी असेल, समिधानं मनाशी म्हटलं. आणि नसली तरी काय? तो आवाज तिनं कधी धड वापरला होता? आता निदान कुणीतरी वापरत होतं.

तरी एका मंगळवारी, सगळे हात धुवायला गेले असताना, तिनं एक प्रयोग केला. डोकं तिच्या वितीत मावत होतं. आतली पोकळी त्याहून लहान. तिनंच कोरली होती. तिनं नवी कोरी पेन्सिल घेतली आणि ओठांच्या आता रुंदावलेल्या फटीतून आत सरकवली. टोक मागच्या भिंतीला लागायला हवं होतं. लागलं नाही. अर्धी गेली. बोटांच्या चिमटीत धरलेलं शेवटचं टोक तेवढं उरलं, तरी पुढे काही लागेना.

मग पेन्सिलीला हलकासा हिसका बसला. आतून.

समिधानं चिमूट सोडली. पेन्सिल गेली. आत ती कशावर पडल्याचा आवाज आला नाही.

६

भट्टीचा दिवस शुक्रवारी आला. खालची यंत्रं बंद, गाळ्यात कसं स्वच्छ शांत. भट्टी कोपऱ्यात होती, छोट्या कपाटाएवढी, विजेवरची, दाराला मधोमध बघायचं एक गोल भोक असलेली. टीचर एकेक मूर्ती दोन्ही हातांनी उचलून आत ठेवत होत्या. वाळलेली माती बिस्किटासारखी नाजूक असते, म्हणून त्या उलटून बघत नसत. ज्याची त्याला विचारत.

"साईराज, छिद्र?"

"आहे टीचर, शेपटीखाली!" सगळे हसले.

"शॅनन?"

"मनगटात."

आजोबांचा हात आत गेला. टीचरनं त्याच्या शेजारी जागा केली आणि फळीवरून मुलीचं डोकं उचललं.

तेव्हा कुठे समिधाला ते आठवलं. चिमूटभर माती. मानेखाली. उघडायचं राहूनच गेलं होतं.

तिच्या डोळ्यांपुढे ते सगळं एका क्षणात झालं. भट्टीत फाडकन फुटलेलं डोकं, उडालेले तुकडे, शॅननच्या आजोबांची तुटलेली बोटं. आणि आणखी एक गोष्ट लख्ख कळली. आपला आवाज त्यात आहे. तो भाजला जाणार आहे.

"समिधा, छिद्र ठेवलंय ना गो?" टीचरची तिच्याकडे पाठ होती.

तिनं तोंड उघडलं. पोट आत ओढून, सगळा जीव लावून "नाही" म्हटलं. नुसती हवा गेली.

"हो टीचर!" समिधाचा आवाज गाळ्यात खणखणला. "ठेवलंय. नीट ठेवलंय."

टीचर खदखदून हसल्या. "ऐकलंत काय रे? समिधा बोलली! अशी बोलायची पोरगी, शाब्बास!"

साईराजनं टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच. सगळे तिच्याकडे बघत होते, कौतुकानं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणी समिधासाठी टाळ्या वाजवत होतं. तिला अजूनही धावता आलं असतं. टीचरचा हात धरता आला असता, जोरजोरात मान हलवता आली असती. पण टाळ्या थांबल्या नव्हत्या. तिचा चेहरा गरम झाला आणि ती हसली.

भट्टीचं दार लागलं.

एक शॅनन तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. ती समिधाच्या ओठांकडे बघत होती.

७

"फुटायचं असलं तर सुरवातीलाच फुटतंय," टीचर म्हणाल्या आणि चहा आणायला खाली गेल्या. दारातलं भोक उघडंच ठेवलेलं होतं, मातीतली वाफ बाहेर पडायला. पोरं थोडा वेळ कान देऊन बसली, मग कंटाळून जिन्यात गेली. भट्टीपाशी दोघीच उरल्या.

"ते तू न्हाय बोललीस," शॅनन हळूच म्हणाली.

समिधानं मान हलवली. नाही.

"मग कोण?"

समिधानं भट्टीकडे बोट दाखवलं. शॅनन चेष्टा करेल असं वाटलं होतं. ती फक्त जवळ सरकली.

फुटल्याचा आवाज येत नव्हता. हवेला वाट होती. छिद्र बुजवलं म्हणून त्या मातीच्या मुलीनं ती स्वतःच ओठांतून काढून घेतली होती.

दोघी भोकाजवळ वाकल्या. आत अजून अंधार होता. ऊब गालाला लागली, मग ओली वाफ. वाफ बाहेर आली. थांबली. आणि मग समिधाच्या कानावरची एक बट हलली, सरळ झाली आणि हळूहळू भोकाच्या आत ओढली गेली.

वाफ फक्त बाहेर येते. समिधाला तेवढं विज्ञान येत होतं.

शॅनननं तिला खांद्याला धरून मागे खेचलं. खेचता खेचता, डोळा मिटायच्या आत, समिधाला आतलं अंधुक दिसलं. आजोबांचा हात, शांत, उताणा. त्याच्या शेजारी डोकं. ते दाराकडे तोंड करून ठेवलेलं नव्हतं. आता होतं. आणि ओठ मिटायला विसरलेल्या माणसासारखे उघडे होते.

"समिधा?"

बाबा दारात उभे होते. ते इथे कधीच आले नव्हते. ऑफिसचा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, चेहरा मात्र फुललेला. "दुपारी फोन आला तुझा आणि सुट्टीच टाकली बघ. 'बाबा, आजच या, मला तुम्हाला सगळं सांगायचंय' म्हणालीस. असं कधी म्हणाली नव्हतीस गं तू मला." त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "सांग बाळा. मी आलोय."

समिधानं त्यांच्याकडे बघितलं. आता. एकच वाक्य. ही मी आहे, बाबा, इकडे. तिनं सगळं बळ एकवटलं.

"बाबा," आवाज आला.

किती गोड आवाज होता! मोकळा, न अडखळणारा, थोडा हसरा. समिधाला तिचं स्वतःचं नाव इतक्या सुंदर रीतीनं कधी उच्चारता आलं नसतं. क्षणभर तिलाही वाटलं, गप्प राहावं आणि ऐकावं.

"बाबा, इकडे या ना. जवळ."

"अंकल, न्हाय!" शॅनन ओरडली. "ती इथं हाय! ही!"

पण बाबांचा हात तिच्या डोक्यावरून केव्हाच निघाला होता. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, भट्टीसमोर ठेवलं आणि तिच्याकडे पाठ करून बसले, गुडघ्यांवर कोपरं टेकून, लेकीचं ऐकायला बसतात तसे.

"हां, बोल," ते म्हणाले.

भट्टीतली ती बोलायला लागली. शुक्रवार होता, खालची यंत्रं बंद होती, एकही शब्द वाया जात नव्हता.

समिधा हाक मारायला गेली आणि थांबली. तोंड उघडत नव्हतं. तिनं बोट ओठांवर ठेवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूच फिरवलं. बोट गार, गुळगुळीत मातीवरून फिरावं तसं सरळ गेलं. मधे कुठे फट लागली नाही.